कोकण कन्याळ शेळ्यांच्या वजनाची आनुवंशिकता कशी काढावी

सिंधुदुर्गात पैदाशीसाठी कोकण कन्याळ बोकड राखताना अंगाने भरलेले करडू निवडले जाते; मात्र त्या भरलेपणातील किती वाटा आईबापांकडून आला आणि किती चाऱ्यातून, हे नुसत्या नजरेला कळत नाही. करडांच्या वजनांतील एकूण प्रचरणापैकी (म्हणजे वजने सरासरीपासून किती विखुरली आहेत याच्या मापापैकी) जो वाटा पुढच्या पिढीत उतरतो, त्याला आनुवंशिकता म्हणतात. ती एकेका जनावराची नसून कळपाची असते, आणि ० ते १ या दरम्यान असते.

काम वहीपासून सुरू होते. करडू जन्मल्यापासून २४ तासांच्या आत त्याचे वजन करावे आणि बिल्ला क्रमांक, आई, बाप, जन्मतारीख, नर की मादी, एकटे की जुळे व शेळीचे कितवे वेत हे सर्व लिहावे. बापाचा रकाना कोरा राहण्याचा धोका सर्वाधिक असतो, कारण सड्यावर (कोकणातील उघड्या कातळाच्या माळावर) चरताना शेळी कोणत्या बोकडाला लागली हे कोणी पाहिलेले नसते. अशा करडाची नोंद हिशेबातून वगळावी. अंदाजाने लिहिलेला बाप सगळे गणित नासवतो.

लिंग, जुळेपणा, वेत आणि हंगाम यांमुळे पडणारा फरक आधी वजा करावा. जन्मवजनावर आईच्या पोषणाचा मोठा प्रभाव असल्यामुळे आई व करडू यांची तुलना फसवी ठरते. म्हणून एकाच बोकडाची, पण वेगवेगळ्या शेळ्यांची करडे घ्यावीत. समजा, १२ बोकडांची प्रत्येकी ८ करडे आहेत, वजनांतील फरकांच्या वर्गांवरून काढलेला ‘सरासरी वर्ग’ बोकडा-बोकडांच्या करडांमधील फरकासाठी ०.४० आणि एकाच बोकडाच्या करडांमधील फरकासाठी ०.२४ आहे. मग बोकडांचे प्रचरण (०.४० − ०.२४) ÷ ८ = ०.०२, एकूण प्रचरण ०.०२ + ०.२४ = ०.२६ आणि त्यांचे गुणोत्तर सुमारे ०.०७७ येते. सावत्र भावंडांत जनुकीय प्रचरणाचा चौथा हिस्साच सामायिक असल्याने त्याला ४ ने गुणावे, आनुवंशिकता ०.३१ मिळते.

येथेच घाई होते. या गुणाकाराने चूकही चौपट होते, आणि १२ बोकडांवर प्रमाण त्रुटी (उत्तर खऱ्या आकड्यापासून साधारण किती ढळू शकते याचे माप) सुमारे ०.३२ निघते, म्हणजे उत्तराएवढीच. बोकड ५० केले तर ती ०.१५ वर येते. इतके बोकड एका गोठ्यात मिळणार नाहीत, म्हणून अनेक गावांच्या नोंदी एकत्र कराव्यात. प्रत्येक गावात एकच बोकड असेल, तर गावाचा चारा बोकडाच्या नावावर जमा होतो. ते टाळण्यासाठी बोकड गावोगाव फिरवत ठेवावेत.

हापूसच्या बागेत मात्र ही रीत चालत नाही, कारण सर्व कलमे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी असतात. तेथील झाडाझाडांतील फरक मुख्यतः जमीन, खत आणि निगा यांचा असतो.

मिळालेला आकडा निवडीला लावता येतो. निवडलेल्या बोकड-शेळ्यांचे जन्मवजन कळपाच्या सरासरीपेक्षा ३०० ग्रॅमने अधिक असेल आणि आनुवंशिकता ०.३१ असेल, तर पुढच्या पिढीत सुमारे ९३ ग्रॅमची वाढ अपेक्षित धरावी. फक्त बोकड निवडून शेळ्या सरसकट ठेवल्यास तिच्या निम्मी.