बटाट्यावरील रोग व किडींचे व्यवस्थापन : बेण्यापासून साठवणीपर्यंत

बटाट्याचे कित्येक रोग बेण्यासोबतच शेतात येतात. त्यामुळे पीकसंरक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय लागवडीपूर्वीच घ्यावा लागतो. बेणे शक्यतो प्रमाणित घ्यावे, कुजके व खवड्या (सालीवरील खरबरीत खपल्या) पडलेले कंद वेगळे काढावेत आणि कंद कापून लावायचे असल्यास विळा वारंवार जंतुनाशक द्रावणात बुडवावा, कारण झाड मलूल करणाऱ्या बांगडी रोगाचा जिवाणू विळ्यावरूनही एका कंदातून दुसऱ्यात जातो. हिरवेगार झाड अचानक मलूल झाले, तर खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात उभा धरून पाहावा. त्यातून दुधाळ धागे खाली उतरू लागले, की हाच रोग समजावा. त्यावर खात्रीचे औषध नाही. अशी झाडे कंदांसह उपटून नष्ट करावीत आणि फेरपालटीत टोमॅटो, वांगी, मिरची टाळून तृणधान्ये घ्यावीत.

सर्वाधिक सावधगिरी उशिरा येणाऱ्या करप्याबाबत बाळगावी. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक ज्या रोगाने बुडाले, तो हाच. थंड, ढगाळ हवा आणि पाने तासन्‌तास ओली राहणे त्याला मानवते. पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात, ते काळपट होतात आणि सकाळी पानाच्या खालच्या बाजूस डागाभोवती पांढरी बुरशी दिसते. अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत संपूर्ण शेत करपू शकते, म्हणून डाग दिसण्याची वाट न पाहता, तसे हवामान होताच मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य (पानाच्या पृष्ठभागावर राहून काम करणाऱ्या) बुरशीनाशकाची फवारणी लेबलवरील मात्रेनुसार, पानांची खालची बाजूही भिजेल अशी करावी. रोग दिसल्यावर आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारे) बुरशीनाशक वापरावे. मात्र एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा फवारल्यास बुरशी त्याला दाद देईनाशी होते. लवकर येणारा करपा तुलनेने उष्ण हवेत, खालच्या जुन्या पानांवर एकात एक वलये असलेल्या तपकिरी डागांनी सुरू होतो. खतपाण्याचा ताण पडलेल्या पिकावर तो अधिक दिसतो.

मावा रस शोषून जेवढे नुकसान करतो, त्याहून अधिक विषाणू पसरवून करतो. पाने गुंडाळणारा विषाणू माव्याच्या शरीरात जाऊन मगच पुढे पसरतो, त्यामुळे तेथे कीटकनाशकाचा उपयोग होतो. परंतु पोटॅटो व्हायरस वाय हा विषाणू, माव्याने पानात सोंड खुपसताच, काही क्षणांत झाडात शिरतो आणि कीड मरण्यापूर्वीच काम होऊन जाते. म्हणून रोगट झाडे दिसताच उपटावीत, आणि पुढच्या बेण्यासाठी राखलेल्या पिकाचा पाला माव्याची संख्या वाढण्यापूर्वीच कापावा.

कंद पोखरणाऱ्या अळीचा पतंग उघड्या कंदांच्या डोळ्यांजवळ व भेगाळलेल्या जमिनीत अंडी घालतो. वेळेवर मातीची भर द्यावी, पाणी तोडून वरंब्यांना भेगा पडू देऊ नयेत आणि कामगंध सापळ्यांनी (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) पतंगांवर लक्ष ठेवावे. कंद फुगण्याच्या सुरुवातीला जमिनीत ओल टिकवल्यास खवड्या रोगही कमी येतो. रोपे कुरतडणाऱ्या अळ्या दिवसा बुंध्याशी मातीत दडतात. त्या तेथेच शोधून माराव्यात. जमिनीत राहून मुळे व कंद खाणाऱ्या हुमणी अळीसाठी पूर्वमशागतीत खोल नांगरट करावी व कच्चे शेणखत टाळावे.

काढणीपूर्वी साधारण दोन आठवडे पाला कापून शेताबाहेर काढावा, म्हणजे साल पक्की होते आणि पाल्यावरील करप्याचे बीजाणू काढणीच्या वेळी कंदांवर पडत नाहीत. काढलेला माल रात्रभर शेतात उघडा ठेवू नये व बटाट्याच्याच पाल्याने झाकू नये, कारण पतंग सांजेनंतर अंडी घालतात आणि पाल्यातील अळ्या सरळ कंदांत शिरतात. साठवणीपूर्वी कापलेले, ओले व डागाळलेले कंद वेगळे करून उरलेला माल कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा.