क्युरेटिंग सांगितलंय? दवाखान्यात जाण्याआधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

पाळी दहा-दहा दिवस चालते, गाठी पडतात, सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसतं आणि डॉक्टर म्हणतात, "एकदा क्युरेटिंग करून घेऊ." गर्भपिशवीचं आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि तपासायला पाठवायचं, असं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. सकाळी गेलेली बाई बहुतेक वेळा संध्याकाळी घरी असते.

आपल्याकडे याला "पिशवी धुणं" म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. धुतली, संपलं! माझ्या मावशीचं अंगावरून जाणं थांबलं तसे सगळे निर्धास्त झाले. आठ महिन्यांनी त्रास परत सुरू झाला तेव्हा कळलं की काढलेला तुकडा लॅबला गेलाच नव्हता. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. म्हणून सांगते, क्युरेटिंग रिपोर्टसाठी करायचं असतं. पुढची प्रत्येक पायरी तेवढ्यासाठीच.

आधी डॉक्टरांशी बोला

ज्या दवाखान्यात तुमची बाळंतपणं झाली, जिथल्या मॅडम तुम्हाला नावाने ओळखतात, तिथेच जायला हरकत नाही. ओळख असली की प्रश्न विचारायला जीभ रेटते, हा मोठा फायदा. पण ओळख आहे म्हणून प्रश्न गिळू नका.

हे काम भूल न देता, पिपेल नावाच्या बारीक नळीने ओपीडीतच होईल का, ते विचारा. पुष्कळ जणींचं होतं. पाळीसारखी कळ येते आणि थांबते. सोनोग्राफीत पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, दिसला असेल तर दुर्बिणीतून करणार का, हेही विचारा. नुसतं क्युरेटिंग अंदाजाने केलं जातं, त्यात पॉलिप निसटू शकतो. दुर्बिणीतून तो डोळ्यांनी दिसतो.

छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण ते त्या वेळी हजर असणार ना, हे नक्की करून घ्या. खर्च विचारताना ऑपरेशन, भूल, औषधं आणि लॅब असे चारही आकडे वेगवेगळे विचारा. लॅबचा बहुधा वेगळाच असतो आणि नेमका तोच सांगायचा राहतो. नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा महाराष्ट्रात 2021 पासून नियम आहे. भिंतीवर नजर टाका.

चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील, स्वतः बंद करू नका. पाळी चालू असलेल्या वयात लघवीची प्रेग्नन्सी टेस्टही आधी होते. त्याचा राग मानू नका.

संमतीपत्र वाचल्याशिवाय सही नको

यावर मी जरा अडून बसणार आहे. कागदावर कोणत्या कामाची संमती लिहिली आहे ते वाचा, समजलं नाही तर वाचून घ्या. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे पिशवी काढायला दिलेली संमती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच स्पष्ट केलं आहे. जीव वाचवायची तातडी असेल तरच गोष्ट वेगळी.

आणि रिपोर्ट यायच्या आत कुणी "कॅन्सर होईल, पिशवीच काढून टाका" म्हणालं, तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं 2019 साली गाजलेलं प्रकरण आठवा. ऐन तिशीत पिशवी गमावलेल्या बाया त्यात होत्या.

त्या दिवशी

भूल देणार असतील तर आधीचे सहा तास पोटात अन्न नको, चहा-दूधही नको. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दवाखान्याने सांगितलेली वेळ पाळा. नेलपॉलिश काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र घरी ठेवायला मन घेत नसेल तर सोबतच्या बाईच्या हातात द्या. सोबत कुणीतरी हवंच, कारण भुलेनंतर दिवसभर गाडी चालवायची नाही.

सोबतच्या व्यक्तीला एकच काम नेमून द्या: काढलेला तुकडा टिकवायच्या औषधात, म्हणजे फॉर्मेलिनमध्ये, ठेवलेली बरणी पाहायची, तिच्यावर तुमचं पूर्ण नाव आणि तारीख आहे का ते वाचायचं आणि लॅबची पावती घ्यायची. काही ठिकाणी बरणी नातेवाइकांच्याच हाती देतात. ती त्याच दिवशी लॅबला पोचवा.

घरी आल्यावर

थोडं रक्त आणि ओटीपोटात कळ काही दिवस राहते. पॅडच वापरा, कप किंवा टॅम्पॉन नको. संबंध कधीपासून ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. साधारण एक-दोन आठवडे थांबायला सांगतात.

तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, वाढत जाणारी पोटदुखी, चक्कर: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

रिपोर्ट

साधारण आठवड्यात येतो. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. जाऊन घ्या आणि कागद स्वतःजवळ ठेवा. "प्रोलिफरेटिव्ह" किंवा "सिक्रेटरी" या पाळीच्या चक्रातल्या नेहमीच्या अवस्था. "हायपरप्लेसिया" म्हणजे अस्तराची जादा वाढ. सोबत "एटिपिया", म्हणजे पेशींचं रूप बदललेलं, नसेल तर बहुधा गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने भागतं. "एटिपिया" लिहिलं असेल तर मात्र वेळ न दवडता तज्ज्ञांकडे जा. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला रिपोर्ट चांगला आल्यावरही पुन्हा थेंबभर रक्त दिसलं, तर पुन्हा दाखवायचं.

दुसरं मत हवं असेल तर नवा तुकडा काढावा लागतोच असं नाही. लॅबकडे तुमच्या नमुन्याच्या काचपट्ट्या (स्लाइड्स) आणि नमुना ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक जपलेले असतात. पावती दाखवून ते मागा आणि मोठ्या रुग्णालयात तपासायला न्या.