शाळेचे स्वच्छतागृह देणगीतून उभारताना

देणगीतून बांधलेल्या शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागण्याची कारणे बहुधा किरकोळच असतात. टाकीत पाणी चढत नाही, खड्डा भरतो, दाराची कडी निखळते, आणि ती पुन्हा बसवायला लागणारे थोडे पैसे कोणत्याच खात्यात नसतात. म्हणून या कामात उतरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक हिशेब पक्का धरावा: देणगी केवळ इमारतीसाठी मागायची नाही, तर निदान पाच वर्षे चालू राहणाऱ्या स्वच्छतागृहासाठी मागायची.

पैसे गोळा करण्याआधी एक पूर्ण दिवस शाळेत काढावा आणि मधल्या सुट्टीत मुले नेमकी कुठे जातात, किती वेळ रांगेत थांबतात आणि कोण मुळीच जात नाही, हे पाहावे. मुलींशी एखाद्या बाईंनी, शिक्षक समोर नसताना वेगळे बोलावे. दिवसभर पाणी न पिणे, पाळीच्या दिवसांत घरी राहणे, या गोष्टी तेव्हाच कळतात. जुने बांधकाम उभे असेल, तर ते बंद का पडले हे शोधल्याशिवाय नव्याचा विचार करू नये, कारण पुष्कळदा पाण्याची जोडणी, नवी दारे आणि खड्ड्याचा उपसा एवढ्यावरच काम भागते. दुरुस्तीसाठी देणगी मिळवणे अवघड जाते, हे खरे आहे (दुरुस्तीचे उद्घाटन कोणी करत नाही), पण देणगीदाराला हे पटवून देणे हा आपल्याच कामाचा भाग आहे.

संख्या अंदाजाने ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने साधने कमी असलेल्या शाळांसाठी २००९ मध्ये दिलेल्या मानकांनुसार दर २५ मुलींमागे एक शौचालय, दर ५० मुलांमागे एक शौचालय व एक मुतारी, आणि शिक्षिका व शिक्षक यांच्यासाठी प्रत्येकी एक स्वतंत्र शौचालय असावे. म्हणजे १५० मुली व १५० मुलगे असलेल्या शाळेला मुलींसाठी ६, मुलग्यांसाठी ३ शौचालये व ३ मुताऱ्या, शिवाय शिक्षकवर्गाची २ शौचालये लागतात. एवढे एकदम जमणार नसेल, तर मुलींचा भाग आधी पूर्ण करावा.

यापुढचा प्रश्न पाण्याचा आहे आणि खरा निर्णय इथेच होतो. पिणे, हात धुणे व साफसफाई यांसाठी मिळून माणशी रोज सुमारे ५ लिटर आणि पाणी ओतायच्या शौचालयासाठी आणखी ३ ते ५ लिटर धरल्यास, वरच्या शाळेला दिवसाला जवळजवळ ३,००० लिटर पाणी हवे. फ्लशच्या टाकीची बैठक घेतली, तर शौचालयाचाच खर्च माणशी १० ते २० लिटरवर जातो. पाणी बेताचे असेल, तर तीव्र उताराचे भांडे (ज्यातून थोड्या पाण्यानेच मैला वाहून जातो) आणि दोन शोषखड्डे ही रचना उत्तम चालते. एक खड्डा भरला की दोन्ही खड्ड्यांना जोडणाऱ्या चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला सुमारे दोन वर्षे बंद ठेवायचा. तेवढ्या काळात आतल्या मैल्याचे कोरडे खत होते आणि उपसा सोपा जातो. मात्र खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा निदान दीड ते दोन मीटर वर आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत सुमारे ३० मीटर दूर असला पाहिजे. सेप्टिक टाकी निवडल्यास ती उपसणारी गाडी फाटकातून आत शिरू शकते का, हे बांधण्याआधीच मोजून घ्यावे.

पाणी जवळजवळ नाहीच, अशा ठिकाणी १९७० च्या दशकात झिंबाब्वेत विकसित झालेले वायुवीजनाचे खड्डा-शौचालय विचारात घ्यावे. त्याच्या उभ्या नळीच्या तोंडावरून वारा वाहिला की खड्ड्यातली दुर्गंधी वर खेचली जाते. माश्या उजेडाच्या दिशेने नळीत चढतात आणि टोकावरच्या जाळीला अडकून मरतात. यासाठी आतली खोली मंद उजेडाचीच ठेवावी लागते; पण नेमक्या त्या अंधाराला लहान मुले घाबरतात. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांसाठी भोक लहान ठेवावे आणि मोठ्या कोणीतरी दाराशी थांबण्याची सोय करावी.

खोलीच्या आत डोकावून पाहावे. कडी सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला पोहोचते का? ती आतून सहज सरकते का, की गंजून एका मुलाला कोंडून ठेवेल? कपडे अडकवायला खुंटी, मुलींच्या प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा, आणि निदान एका खोलीत नळ, एवढे असले की पाळीच्या दिवसांतला मोठा प्रश्न सुटतो. दाराखालची फट इतकी मोठी नसावी की बाहेरून पाय दिसतील. एक खोली चाकाच्या खुर्चीसाठी हवीच: दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंमी, आत वळायला १५० सेंमी, आणि बाहेरचा उतार १२ स १, म्हणजे १२ सेंमी लांबीत १ सेंमी चढ. जोते ४५ सेंमी उंच धरले, तर हा उतार ५.४ मीटर लांब होतो. एवढी जागा आराखड्यातच सोडावी लागते, कारण नंतर ती सापडत नाही. हात धुण्याचे नळ स्वच्छतागृहाला लागून, दोन उंचींवर असावेत.

देणगी मागताना अंदाजपत्रकात बांधकाम, पाणी, आणि पाच वर्षांचा साबण, सफाईचे वेतन व दुरुस्ती असे तीन भाग वेगळे दाखवावेत. वस्तुरूपाने येणाऱ्या देणग्या तपासून घ्याव्यात. ज्या नळाचा वायसर जवळच्या दुकानात मिळत नाही, तो नळ फुकटही महागच पडतो. देणगीदारांची नावे एका साध्या फलकावर लिहिण्यास हरकत नाही, पण आभारपत्रासाठी मुलींना शौचालयाच्या दारात उभे करून छायाचित्र काढू नये.

निदान तीन दरपत्रके मागवून ठेकेदाराला पैसे हप्त्यांनी द्यावेत: पाया, छप्पर, जोडण्या, आणि शेवटचा हप्ता शाळेचे एक सत्र वापर झाल्यावर. खड्डे झाकण्यापूर्वी त्यांची खोली स्वतः टेप लावून मोजावी, टाकी २४ तास भरून ठेवावी आणि फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की कोपऱ्यात साचते, हे पाहावे.

सफाई कोण करणार, साबण कोण आणणार, तक्रार कोणाकडे जाणार, हे शाळेशी केलेल्या लेखी करारात नावानिशी असावे. सफाई ही मुलांना दिलेली शिक्षा असू नये, आणि ती ठरावीक मुलांवर तर कधीच टाकू नये. देखभालीच्या रकमेचे खाते दोन सह्यांवर चालावे आणि त्याचा हिशेब दर सत्राला देणगीदारांना पाठवावा.

वर्षभराने न कळवता, मधली सुट्टी संपत असताना शाळेत जावे. साबण ओला आहे का, डबा रिकामा केलेला आहे का, सर्वांत टोकाच्या खोलीची कडी लागते का, हे पाहावे. एखादे दार उघडण्यासाठी कार्यालयातून किल्ली मागवावी लागली, तर ती खोली कोणासाठी राखून ठेवली आहे हे विचारावे आणि ती त्याच दिवशी मुलांसाठी उघडून घ्यावी.