स्पीकरच्या इम्पिडन्सवर लक्ष ठेवताना

अ‍ॅम्प्लिफायरमधील इम्पिडन्स मॉनिटरिंग (स्पीकरचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध मोजत राहून बिघाडाची सूचना देणारी सोय) सुरू करताना तुलनेसाठीचे संदर्भमूल्य स्पीकरवर छापलेल्या 8 ओहमवरून घेऊ नये. नेहमीची केबल जोडून, प्रत्येक स्पीकर वाजतो आहे याची कान लावून खात्री केल्यावरच ते मोजून नोंदवावे. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची 50 मीटर केबल जाऊन-येऊन सुमारे 0.7 ओहमची भर घालते.

खानदेशात उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेत, डिसेंबरच्या गारठ्यात घेतलेले मूल्य जळगावच्या मे महिन्यातील 45 अंशांत वर सरकलेले दिसते, आणि बराच वेळ मोठ्याने वाजून तापलेली व्हॉइस कॉइल (स्पीकरमधील तारेचे वेटोळे) ते आणखी वर नेते. ज्या मूल्यापलीकडे सूचना मिळते ती मर्यादा फार आवळून ठेवली, तर खोट्या सूचनांना कंटाळून चालक ही सोयच बंद करतो, आणि हे सर्वांत वाईट. समांतर जोडलेल्या दोन स्पीकरपैकी एक तुटला, तर मूल्य जवळपास दुप्पट होते. म्हणून वरची मर्यादा संदर्भमूल्याच्या दीडपट ठेवणे मला योग्य वाटते.

शांततेतही तपासणी हवी असल्यास पायलट टोन (केवळ मोजणीसाठी सोडलेला हलका सूर) लावावा. मात्र पॅसिव्ह क्रॉसओव्हर (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारे आतले सर्किट) असलेल्या स्पीकरमध्ये उच्च वारंवारितेचा टोन केवळ उंच स्वरांच्या ट्वीटरची खबर देतो, खालच्या स्वरांच्या वूफरची नाही.