१८२८च्या आयातशुल्काचं मतदान प्रदेशवार कसं वाचावं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका समजून घेताना ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ असे दोनच रकाने आखू नका. ती १८६०ची विभागणी झाली. चार रकाने घ्या: न्यू इंग्लंड (ईशान्येची राज्यं), मधली राज्यं, दक्षिण आणि पश्चिम (तेव्हाची, म्हणजे ओहायो-केंटकीकडची). प्रत्येकात तीन गोष्टी लिहा: काय विकतात, काय विकत घेतात आणि कष्ट कोण उपसतं.

दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात जातो आणि कापड, अवजारं बाहेरून येतात. मधल्या राज्यांतल्या पेनसिल्व्हेनियाला लोखंडासाठी संरक्षण हवं असतं. पश्चिमेला धान्य आणि मांस विकायला कालवे-रस्ते हवे असतात. न्यू इंग्लंडात जहाजमालक आणि गिरणीमालक दोघेही आहेत, म्हणून हा रकाना पेन्सिलीनेच भरा.

मग शुल्काचा खरा भार काढा. नुसता टक्का फसवतो. १८१६च्या कायद्यात सुती कापडावर २५ टक्के शुल्क होतं, पण चौरस यार्डाला २५ सेंटपेक्षा स्वस्त कापडाची किंमतही २५ सेंटच धरायची होती. म्हणजे किमान सव्वासहा सेंट. आठ सेंटांच्या कापडावर हा भार ७८ टक्क्यांवर जातो. हिंदुस्थानातलं स्वस्त सुती कापड त्या बाजारातून हटलं ते या कलमामुळे.

आता मतं मांडा. शुल्क वाढवणारं १८२८चं विधेयक प्रतिनिधिगृहात १०५ विरुद्ध ९४ आणि सिनेटमध्ये २६ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झालं. इथेच सर्वाधिक चुका होतात, कारण अंतिम मत आणि दुरुस्त्यांवरची मतं एकत्र वाचली जातात. न्यू इंग्लंडला बाहेरून लागणाऱ्या कच्ची लोकर, हेम्प (दोरखंडांसाठीचा भांगेचा धागा), मळी यांवरचं जड शुल्क कमी करणाऱ्या दुरुस्त्या दक्षिणेच्या अनेक सदस्यांनी मुद्दाम हाणून पाडल्या. विधेयक इतकं कडू व्हावं की न्यू इंग्लंडनेच ते नाकारावं, हा डाव होता. तो फसला. म्हणून दुरुस्त्यांसाठी वेगळा कागद घ्या.

पुढे अपवाद तपासा. लुइझियानाच्या ऊसमळेवाल्यांना साखरेवर संरक्षण हवं होतं, केंटकीला हेम्पवर. माणसंही बदलतात: १८१६मध्ये साउथ कॅरोलायनाचे पुढारी कॅल्हून शुल्काच्या बाजूने आणि न्यू इंग्लंडचे पुढारी वेब्स्टर विरोधात, १८२८पर्यंत दोघांनी जागा बदलल्या. पुढाऱ्याच्या नावापुढे साल लिहिलंच पाहिजे.

प्रतिनिधिगृहातल्या जागा मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात, हे विसरलात तर दक्षिणेचं बळ कळणार नाही. त्या गुलामांना मत मात्र नव्हतं.

शेवटी तक्ता नोव्हेंबर १८३२वर लावून पाहा. शुल्क रद्दबातल ठरवणारा ठराव फक्त साउथ कॅरोलायनाने केला, बाकी दक्षिण सोबत आली नाही. तक्त्यातून याचं उत्तर निघत नसेल, तर दक्षिणेचा रकाना राज्यवार फोडा आणि त्यात कापसाचा पडलेला भाव, झिजलेली जमीन आणि लोकसंख्येतला गुलामांचा वाटा भरा. साउथ कॅरोलायनात तो निम्म्याहून अधिक होता. आज शुल्कावर चाललेली केंद्राची सत्ता उद्या गुलामगिरीवर चालेल, ही तिथल्या मळेवाल्यांची धास्ती होती.