‘पुन्हा पाठवा’ म्हटले की आधी किल्ली बदला: लष्करी संदेशवहनातील या चुका टाळा

लष्करी संदेशवहन शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक नवख्याचा पहिला प्रश्न एईएस (संदेश कूटात बदलण्याची प्रमाणित पद्धत) १२८ बिटांच्या किल्लीचे घ्यावे की २५६ बिटांच्या, हाच असतो; किल्ली म्हणजे ज्याच्या आधारे संदेश झाकला आणि उघडला जातो तो गुप्त आकडा. माझे उत्तर ठरलेले आहे: कोणतेही घ्या, तुमची चूक तिथे होणार नाही, ती संदेश पुन्हा पाठवताना होईल.

३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन ऑपरेटरने लोरेन्झ या कूटयंत्रावरून अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडे तो नीट उतरला नाही, म्हणून व्हिएन्नाने पुन्हा मागितला आणि दोघांनीही यंत्राची चक्रे पहिल्याच जागी आणून ठेवली, म्हणजे तीच किल्ली पुन्हा वापरली. एवढ्यावरही निभावले असते, कारण मजकूर अक्षरशः तोच टंकला असता तर चोरून ऐकणाऱ्या ब्रिटिशांना एकाच कूटसंदेशाच्या दोन प्रती मिळाल्या असत्या, बाकी काही नाही. पण ४,००० अक्षरे दुसऱ्यांदा बडवायचा त्याला कंटाळा आला आणि आपण ‘क्रमांक’ऐवजी ‘क्र.’ लिहितो तशी काटछाट त्याने सुरुवातीपासूनच केली. दोन्ही मजकूर एकमेकांपासून सरकले. कूटसंदेशांची बेरीज करताच किल्ली गळून पडली आणि उरली ती दोन साध्या मजकुरांची सरमिसळ. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या कूट फोडण्याच्या केंद्रात जॉन टिल्टमन यांनी ती हाताने सोडवली, आणि त्यातून निघालेल्या किल्लीच्या अक्षरांवरून बिल टट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, यंत्र कधीही न पाहता, त्याची बाराही चक्रे कागदावर उभी केली.

हे सारे जुने झाले असे ज्यांना वाटते त्यांनी एईएस-जीसीएम, म्हणजे एईएस वापरण्याची आजची एक प्रचलित रीत, पाहावी. त्यातला ९६ बिटांचा नॉन्स (प्रत्येक संदेशासाठी वेगळा असावा लागणारा आकडा) त्याच किल्लीखाली दुसऱ्यांदा वापरला गेला की नेमके हेच घडते, शिवाय खोटे संदेश घुसवण्याची वाटही मोकळी होते. वीज जाऊन आल्यावर नॉन्सची मोजणी शून्यापासून सुरू करणारे उपकरण दिसले की मी ते तसेच परत पाठवतो. हाताने किल्ली लावायची असेल, तर किल्ल्यांच्या यादीतली वापरलेली ओळ संदेश पाठवण्याआधीच लाल पेन्सिलीने खोडायची, ही माझी सवय आहे; नंतर खोडू म्हणणारे खोडत नाहीत.

दुसरी चूक मला याहून संताप आणते. एका रात्रीच्या सरावात नव्या ऑपरेटरचा फ्रिक्वेन्सी हॉपिंगचा, म्हणजे सतत फ्रिक्वेन्सी बदलणारा, रेडिओ सेट नेटमध्ये (एकमेकांशी बोलणाऱ्या सेटच्या जाळ्यात) येईना. त्याने एरियल बदलला, बॅटरी बदलली, किल्ली दोनदा भरली आणि शेवटी वैतागून सेट क्लिअरवर, म्हणजे कूटाविना उघड बोलण्यावर, टाकून आपले ठिकाण नकाशाच्या आकड्यांसह सांगून टाकले. सरावातला ‘शत्रू’ पलीकडच्या टेकडीवर वही उघडून बसलाच होता. सेटचे घड्याळ काही मिनिटे मागे होते, एवढाच दोष! हॉपिंगमध्ये सगळ्या सेटना एकाच क्षणी एकाच फ्रिक्वेन्सीवर उडी मारावी लागते, त्यामुळे वेळ चुकली की किल्ली बरोबर असूनही काही ऐकू येत नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये टॅनेनबर्गच्या लढाईत रशियन सैन्याचे आदेश असेच उघड्या बिनतारी संदेशांतून गेले आणि जर्मनांनी ते वाचले. तेव्हाही घाई आणि अपुरी तयारीच नडली होती. म्हणून सेट लागला नाही की आधी घड्याळ, मग किल्लीची तारीख आणि त्यानंतरच एरियल पाहावा. क्लिअरच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवतो, कारण ती सोलायला लागणाऱ्या दोन क्षणांत माणसाला स्वतःची लाज वाटते.

बाकीच्या चुकांना फार शाई खर्च करावी असे वाटत नाही. स्वतः रचलेली कूटपद्धत वापरू नका, तुम्ही कितीही हुशार असलात तरी. रोजचा अहवाल त्याच ठरावीक वाक्याने सुरू करू नका. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन कूटयंत्र एनिग्मा फोडणाऱ्यांना अशाच वाक्यांचा आधार मिळत असे. मजकूर झाकला तरी कोण, कोणाशी, किती वेळा बोलले हे उघडेच राहते, तेव्हा हल्ल्याच्या आदल्या रात्री नेट अचानक गजबजू देऊ नका. धावण्याची नोंद ठेवणारे घड्याळ तळावर आणू नका. जानेवारी २०१८ मध्ये धावण्या-फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या साऱ्या जगाने पाहिल्या.

आणि सेट हरवला तर ओरडा बसेल या भीतीने तासभर गुपचूप शोधत बसू नका. आधी कळवा, म्हणजे आम्ही संपूर्ण नेटची किल्ली बदलू. मग तो सेट ट्रकमध्ये ताडपत्रीखाली सापडला तरी चालेल.