कॉलेज प्रवेशासाठी स्वतःवरचा निबंध: सुरुवात कुठून करायची?

“सर, माझ्यावर लिहिण्यासारखं काय आहे ओ? काही झालंच नाही माझ्या आयुष्यात.”

दर वर्षी जूनमध्ये बारावीचं कोणी ना कोणी हे वाक्य घेऊन माझ्याकडे येतं. अंबाजोगाईजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. परदेशी किंवा निबंध मागणाऱ्या विद्यापीठांत अर्ज करणारी आमच्याकडची पोरं मोजकीच, चार-पाच. पण अडतात सगळी एकाच ठिकाणी.

त्याचं कारण आपल्या भागातच आहे. लातूर पॅटर्नमध्ये आपण वाढलो. प्रश्नसंच सोडवा, चाचणी द्या, उत्तरसूची ताडून बघा, चुका काढा, पुन्हा चाचणी. त्यातून कितीतरी घरांत पहिला डॉक्टर झाला, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण नीट, जेईई, सीईटी यांपैकी एकाही परीक्षेत ‘तू कोण?’ असं विचारत नाहीत. निबंध नेमकं तेच विचारतो आणि त्याची उत्तरसूची कुठेच मिळत नाही. मग हुशार पोरगं शाळेतला निबंध आठवतं आणि ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे’ इथून सुरू होतं.

आधी बघा, कोण काय मागतंय

हे एका दुपारचं काम आहे, पण ते न करता लिहायला बसू नका. अमेरिकेतली हजारावर कॉलेजं ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच सामाईक अर्ज घेतात. त्यातला मुख्य निबंध कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त 650 शब्दांचा असतो. सात विषय दिलेले असतात आणि सातवा ‘तुमच्या मनातला कुठलाही’ असा असतो, म्हणून विषयावर डोकं खाजवत बसायची गरज नाही. नवा अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते. म्हणजे घरी सोयाबीनच्या राशी आणि इकडे अर्ज, दोन्ही एकदमच येतं. त्यामुळे सुरुवात मे-जूनमध्येच करा.

इंग्लंडचं वेगळं आहे. तिथे ‘यूकास’मधून अर्ज जातो आणि 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हाच विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या अभ्यासाने तयारी कशी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4,000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत 15 ऑक्टोबर. इथे आजीच्या आठवणी फारशा चालत नाहीत, विषयावरचं प्रेम दिसावं लागतं. आपल्याकडेही सोनीपतचं अशोका विद्यापीठ अर्जात निबंध मागतं. एकाचा निबंध जसाच्या तसा दुसऱ्याला चिकटवता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

खाली सांगतोय ते मुख्यतः 650 शब्दांच्या निबंधाबद्दल.

दहा दिवस एक वही

लिहायला बसू नका. चाळीस पानी वही घ्या आणि दहा दिवस रोज पाच ओळी टाका. विचार लिहायचे नाहीत, सुविचार तर नाहीच. फक्त वस्तू, माणसं, कामं. घरात कुठलं काम तुमच्याशिवाय होत नाही? कुठल्या गोष्टीवरून बापाशी वाजतं? कशाबद्दल विचारलं की तुम्ही दहा मिनिटं थांबत नाही? अभ्यासक्रमात नसलेलं काय तुम्हाला पाठ आहे?

दहा दिवसांत पन्नास ओळी होतात. त्यातल्या चाळीस कामाच्या नसतात. हरकत नाही, दहा पुरतात.

मग बोला, फोनवर रेकॉर्ड करा

ही पायरी पोरं गाळतात आणि तिथेच फसतात. दोन वर्षांपूर्वीचं सांगतो.

एक मुलगी पहिला खर्डा घेऊन आली. पहिलं वाक्य इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा: ‘मराठवाडा हा भारतातील दुष्काळप्रवण प्रदेश आहे.’ पुढे जिल्हे, पर्जन्यमान, शेतकऱ्यांच्या समस्या. सगळं खरं, पण त्यात ती स्वतः कुठेच नव्हती. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, “मागच्या दिवाळीच्या आसपास काय करत होतीस?”

“काही नाही सर. पप्पांसोबत मोंढ्यात जात होते. त्यांना पट्टी वाचता येत नाही ना.”

“मग?”

मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार आणि पट्टी म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब. मग ती पंचवीस मिनिटं बोलली. आडत्याचा माणूस पोत्यात परखी खुपसून दाणे काढतो, मॉईश्चरच्या मशीनमध्ये टाकतो आणि आकडा सांगतो. आकडा वाढला की भाव पडतो. त्या दिवशी मशीनने सतरा दाखवलं. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांची अट असते, हे तिला माहीत होतं. तिने जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, पोत्यातले दाणे त्यात भरले, झाकण लावलं आणि तोच डबा घेऊन आणखी दोन दुकानांत गेली. एका ठिकाणी साडेपंधरा, एका ठिकाणी चौदा. तिन्ही आकडे तिने बायोलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते.

“मला वाटलं, पहिला लुटायलाय. पण मग आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मशीन पाणी थेट मोजत नाही. दाण्यांचा विजेवर होणारा परिणाम मोजतं आणि त्यावरून ओलावा काढतं. दाणे उन्हात तापलेले असले, डब्यात दाबून भरले, तरी आकडा हलतो. पहिल्या दुकानात पोतं ट्रॅक्टरवर उन्हात होतं. म्हणजे लुटलं का मशीन चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.”

मी म्हणालो, “आता जे सांगायलीस तेच लिही.”

तिला पटेना. तिच्या मते ही ‘साधी गोष्ट’ होती. तसंच असतं. जे रोजचं असतं ते आपल्याला साधं वाटतं. म्हणून तर दुसऱ्याला सांगायचं. ऐकणारा ‘मग?’ म्हणाला की समजा तिथे काहीतरी आहे; आणि तो ‘अरे वा, छान’ म्हणाला की विषय बदला. ऐकायला मित्र, मामा, शेजारची ताई, कोणीही चालेल. फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बाजूला सरकवा, कारण बोलताना आलेली वाक्यं लिहिताना परत येत नाहीत.

निवडताना एकच कसोटी

दुसऱ्या कोणाचं नाव घालून हा निबंध खपेल का? खपत असेल तर तो तुमचा नाही. ‘दुष्काळाने मला जिद्द शिकवली’ हे आठही जिल्ह्यांतलं कोणीही लिहू शकतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते देशभर छापून आलं. निबंध वाचणाऱ्याला हवं तर तो शोधून काढेल. पण त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी आंघोळ परातीत बसून व्हायची का, परातीतलं पाणी मग कुठे जायचं, त्यावरून आजीचं आणि आईचं कसं वाजायचं, हे इंटरनेटवर नाही.

आणि दुःख लिहिलंच पाहिजे असा काही नियम नाही. आपल्याकडची पोरं मार्गदर्शन करणाऱ्यांच्या सांगण्यावरून गरिबी मांडायला बसतात, मला ते बघवत नाही. आई-बाप दर वर्षी ऊसतोडीला जाणारा एक मुलगा होता. त्याने उसावर एक ओळही लिहिली नाही. आजोबांच्या सायकल दुकानात पंक्चर काढता काढता गावातल्या प्रत्येक ट्यूबचा इतिहास त्याला कसा पाठ झाला, ते लिहिलं. कोण कुठल्या रस्त्याने जातो, कोणाची ट्यूब कुठे फुटते. आई-बाप त्यात एकाच वाक्यात आले, दिवाळीनंतर दुकानात गिऱ्हाईक का कमी होतं हे सांगताना. तेवढं पुरलं.

पहिला खर्डा मराठीत, आणि वाईट

वीस मिनिटांचा गजर लावा. घरात बोलता त्या मराठीत लिहा, ‘करायलोत’, ‘जायलाव’ आलं तरी चालेल. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की पोरं आपल्याला येणारीच वाक्यं लिहितात, आणि येणारी वाक्यं पाठ केलेली असतात. पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही.

सुरुवात प्रसंगाच्या मधून करा. त्या मुलीचं पहिलं वाक्य शेवटी असं झालं: ‘डबा रिकामा करायला मला दोन पोळ्या उभ्या-उभ्या खाव्या लागल्या.’ कुठला डबा, का रिकामा केला, हे वाचणाऱ्याला पुढे कळतं.

प्रसंगाला साधारण अर्धी जागा द्या. उरलेल्या अर्ध्यात तुमचं डोकं कसं चाललं ते यायला हवं: आधी काय वाटलं, मग काय कळलं, अजून काय कळलेलं नाही. मोंढ्याच्या निबंधात मला सर्वात आवडलेली जागा ‘ते मला अजून कळलेलं नाही’ हीच होती. तिला ती काढून तिथे ‘मी अन्यायाविरुद्ध लढायचं ठरवलं’ टाकायचं होतं. आमचं त्यावरून बरंच वाजलं.

इंग्रजीत नेताना

शब्दाला शब्द लावू नका. मराठी खर्डा बाजूला ठेवा, इंग्रजीत परत सांगा, मग ताडून बघा. काही शब्द मात्र तसेच राहू द्या. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती त्या कोयत्याला. याला इंग्रजीत ‘विळा’ लिहिलं की अर्थ गेला आणि ‘मजूर जोडपं’ लिहिलं की मजा गेली. शब्द ठेवा, पुढच्या अर्ध्या वाक्यात तो काय ते सांगा. मोंढा, पट्टी, परखी यांचंही तसंच. पण एका निबंधात असे तीन-चारच, नाहीतर शब्दकोश होतो.

जड इंग्रजी शब्द पेरू नका. ते लगेच ओळखू येतात.

चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा मोह होणार. कॉमन ॲप त्याला फसवणुकीत धरतं, यूकासही असं लिखाण स्वतःचं म्हणून देऊ नका असं बजावतं. तो भाग सोडला तरी, त्या यंत्राला तुमचा स्टीलचा डबा माहीत नाही. स्पेलिंग तपासून घ्या, तेवढंच.

कोणाला दाखवायचं

दोघांना, फार तर तिघांना. दहा जणांना दाखवला की दहा जण एकेक वाक्य घालतात आणि शेवटी निबंध ग्रामपंचायतीच्या ठरावासारखा होतो. इंग्रजी येणारा एक, तुम्हाला ओळखणारा एक. आणि त्या प्रसंगात हजर असलेल्या माणसाला मात्र मराठीत सांगून ऐकवाच, मग त्याला इंग्रजी येवो न येवो.

त्या मुलीने वडिलांना अंगणात बसून अख्खा निबंध मराठीत ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “सतरा नव्हतं, साडेसतरा होतं. आणि पोळ्या दोन नाही, तीन होत्या. एक मी खाल्ली.”

तिने दोन्ही दुरुस्त केलं. शब्द 653 झाले, म्हणून ‘मराठवाड्याच्या सुपुत्रीचा अभिमान’ असं एक वाक्य कुठेतरी उरलं होतं, ते काढून टाकलं.